स्पर्शाचे यंत्र आणि कर्त्याचा प्रश्न

पक्षाघातानंतर लुळा पडलेला हात पुन्हा कामाला लावण्यासाठी गेल्या तीन-चार दशकांत जी साधने तयार झाली, त्यांतील बरीचशी स्पर्शाच्या वाटेने काम करतात. काही साधने त्वचेवर बारीक कंपने देतात, काही रुग्णाचा हात धरून तो हलवतात, तर काही हाताला हलका विरोध करून त्याच्याकडून जोर काढून घेतात. वैद्यकाचा प्रश्न एवढाच, की यांचा गुण येतो की नाही. पण ही साधने वापरात येताच तत्त्वज्ञानातले तीन जुने प्रश्न नव्याने उभे राहतात. त्वचेला काहीतरी लागणे आणि स्पर्शाचे ज्ञान होणे यांत फरक कोणता? हा हात माझा आहे, हे कशावरून ठरते? आणि यंत्राने हात उचलला, तर ती क्रिया कोणाची? भारतीय दर्शनांनी या तिन्ही प्रश्नांचा कसून ऊहापोह केला आहे. पुनर्वसनाच्या प्रयोगांनी आता त्या वादात नवी सामग्री आणून टाकली आहे.

आजार आणि साधने

मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने तुंबली किंवा फुटली की पक्षाघात होतो. बहुतेक झटके तुंबण्यामुळे येतात. मोठी वाहिनी तुंबली आणि उपचार मिळाला नाही, तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. मेंदूच्या डाव्या अर्धाला इजा झाली तर शरीराची उजवी बाजू जाते आणि उजव्या अर्धाला झाली तर डावी. लोकांच्या नजरेत भरते ती गेलेली शक्ती. पण जवळजवळ निम्म्या रुग्णांत संवेदनाही कमी-अधिक प्रमाणात गेलेली असते. शक्ती शाबूत राहून संवेदना गेली तरी हात निरुपयोगी होतो. नजर वळताच हातातला पेला निसटतो, खिशातली किल्ली बोटांना ओळखू येत नाही, पकड किती घट्ट ठेवावी हे कळत नाही.

एकदा मेलेली पेशी परत येत नाही, म्हणून गेलेला हात गेलाच, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक डॉक्टर मानत. या समजाला धक्का देणाऱ्यांत अमेरिकन संशोधक पॉल बाख-य-रिता यांचे नाव महत्त्वाचे आहे. त्यांचे वडील पेद्रो हे कवी आणि प्राध्यापक होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना पक्षाघात झाला. वैद्यकीय शिक्षण घेत असलेल्या जॉर्ज या दुसऱ्या मुलाने त्यांना लहान मुलासारखे रांगण्यापासून सुरुवात करायला लावली आणि भांडी घासण्यासारखी घरची कामे हाच त्यांचा व्यायाम केला. पेद्रो पुन्हा शिकवू लागले, पुढे डोंगरही चढले. १९६५ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर शवविच्छेदन झाले, तेव्हा मेंदूतली इजा फार मोठी होती आणि ती भरून आली नव्हती, असे दिसले. तुटलेली वाट तुटलेलीच राहिली होती. मेंदूने दुसरी काढली होती. मेंदूच्या या घडणक्षमतेवर आजचे सगळे पुनर्वसन उभे आहे.

या पायावर जी यंत्रे आली त्यांतले अग्रणी म्हणजे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी विकसित केलेले 'एमआयटी-मॅनस'. या कामाची सुरुवात १९८९ मध्ये झाली. टेबलाशी बसलेल्या रुग्णाचा हात या यंत्राच्या भुजेत ठेवला जातो आणि पडद्यावरच्या लक्ष्याकडे तो नेण्यास यंत्र मदत करते. त्याची खुबी अशी की ते कारखान्यातल्या रोबोसारखे ताठ नसते. रुग्णाने ढकलले की ते मागे सरते, थांबले की हळूच पुढे नेते. दुसरा प्रकार अंगावर घालण्याच्या साधनांचा. केटलिन सीम यांनी जॉर्जिया टेक आणि स्टॅनफर्ड येथे केलेल्या कामातून बोटांना कंपने देणारा हातमोजा तयार झाला. रोज ३ तास, असा तो ८ आठवडे वापरून पाहिला गेला. मोजा घालून रुग्ण आपली नेहमीची कामे करत राहतो, वेगळा व्यायाम करावा लागत नाही. भारतात वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून हाताच्या पुनर्वसनासाठी 'प्लूटो' हे सुटसुटीत यंत्र बनवले आहे.

लागणे आणि कळणे

पहिला प्रश्न स्पर्शाच्या स्वरूपाचा. न्याय-वैशेषिक दर्शनात स्पर्श हा गुण मानला आहे आणि तो ग्रहण करणारे इंद्रिय म्हणजे त्वक्. त्वचा शरीरभर पसरलेली असल्याने हेच एकमेव इंद्रिय आहे, बाकीची सारी त्याचीच रूपे आहेत, असा पूर्वपक्ष न्यायसूत्रांत मांडला आहे. तो पुढे खोडून काढला आहे, कारण एकच इंद्रिय असते तर आंधळ्यालाही रंग दिसला असता. तरीही स्पर्शाचे विशेष स्थान नैयायिकांनी सोडले नाही. कोणतेही ज्ञान होण्यासाठी मनाचा त्वचेशी संयोग असावा लागतो, असे नव्या न्यायाचे मत. गाढ झोपेत काहीच कळत नाही याचे कारणही ते असेच देतात: मन त्या वेळी पुरीतत् नाडीत शिरते आणि तेथे त्वचा नसते. चरकसंहितेनेही स्पर्शनेंद्रिय सर्व इंद्रियांना व्यापून आहे आणि मनाशी नित्य जोडलेले आहे, असे म्हटले आहे. जैन दर्शनात एकच इंद्रिय असलेल्या जीवांना जे इंद्रिय असते ते स्पर्शनच. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनेही इतर संवेदनांवाचून प्राणी जगेल, स्पर्शावाचून नाही, असे प्रतिपादन केले होते.

या सर्व मतांत एक गोष्ट समान आहे. त्वचा आणि वस्तू यांचा संयोग म्हणजे स्पर्शज्ञान नव्हे. न्यायमताने आत्मा मनाशी, मन इंद्रियाशी आणि इंद्रिय विषयाशी जोडले गेले तरच प्रत्यक्ष ज्ञान होते. बौद्धांनी हीच गोष्ट आत्म्याशिवाय मांडली. प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा निदानांत स्पर्श सहावा आहे. इंद्रिय, विषय आणि विज्ञान हे तिघे एकत्र आले म्हणजे स्पर्श, आणि त्यापासून वेदना, म्हणजे सुख-दुःखाचा अनुभव. आत्मा मानणारे आणि न मानणारे यांच्यात टोकाचा वाद असला, तरी दोन जड वस्तू एकमेकींना टेकल्या म्हणजे स्पर्श झाला, असे दोघांपैकी कोणीच मानत नाही.

बाख-य-रिता यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या मताच्या अगदी जवळ जातो. दंतवैद्याच्या खुर्चीच्या पाठीत कंप पावणारी ४०० टोके बसवली होती. कॅमेऱ्यासमोरच्या दृश्याचा आराखडा ही टोके खुर्चीत बसलेल्या अंध व्यक्तीच्या पाठीवर उमटवत. सरावानंतर या व्यक्तींना समोरच्या वस्तू ओळखता येऊ लागल्या. आणखी महत्त्वाचे असे, की कॅमेरा त्या व्यक्तीने स्वतः फिरवला तर काही काळाने तिला वस्तू 'पुढे, तिथे' आहे असे वाटू लागे. कॅमेरा स्थिर असला किंवा दुसऱ्या कोणाच्या हातात असला, तर पाठीवरच्या गुदगुल्यांपलीकडे तिला काही जाणवत नसे. त्वचेवर पडणारी कंपने दोन्ही वेळा सारखीच. फरक होता तो शोध घेणारे कोण आहे याचा.

दुसरे उदाहरण २०१२ मधील. गाझोला, कायझर्स आणि ॲडॉल्फ्स यांच्या गटाने पुरुषांच्या पायावर केलेल्या हळुवार स्पर्शाचा अभ्यास केला. स्पर्श प्रत्येक वेळी तोच होता, पण स्पर्श करणारी कधी स्त्री आहे तर कधी पुरुष आहे, असे त्यांना भासवले गेले. या समजुतीप्रमाणे स्पर्शाची पहिली नोंद घेणाऱ्या मेंदूच्या भागातली प्रतिक्रियाही बदलली. म्हणजे शुद्ध संवेदना आधी येते आणि मनाचा रंग तिला मागून चढतो, असा क्रमही धड लावता येत नाही. मन स्पर्शात आरंभापासूनच मिसळलेले असते. चरकाने इंद्रियांचा स्पर्श आणि मनाचा स्पर्श असे दोन भेद करून दोन्ही सुख-दुःखाचे कारण सांगितले आहेत. आधुनिक निष्कर्ष त्याच दिशेचा आहे.

हात कोणाचा

दुसरा प्रश्न ममत्वाचा. मेंदूच्या उजव्या अर्धाला इजा झालेले काही रुग्ण आपली डावी बाजू लुळी पडली आहे हेच नाकारतात. या अवस्थेला १९१४ मध्ये जोसेफ बाबिन्स्की यांनी नाव दिले. काही रुग्ण त्यापुढे जाऊन हा हात माझा नाहीच, तो डॉक्टरांचा आहे किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाचा आहे, असे ठामपणे सांगतात. बुद्धी इतर बाबतीत चांगली चालत असते, युक्तिवाद मात्र कामाला येत नाही. याउलट १९९८ मध्ये बॉट्विनिक आणि कोहेन यांनी निरोगी माणसांना रबरी हात आपला वाटायला लावला. खरा हात पडद्याआड ठेवायचा, रबरी हात डोळ्यांसमोर ठेवायचा आणि दोन्हींवर एकाच वेळी, एकाच लयीत कुंचला फिरवायचा. थोड्याच वेळात समोरच्या रबरी हातावरच स्पर्श होतो आहे असे वाटू लागते. लय बिघडवली की भास ओसरतो.

न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी आत्मसिद्धीसाठी जो युक्तिवाद येतो, त्यात नेमका हाच दृष्टी आणि स्पर्श यांचा मेळ पुराव्याला घेतला आहे. जे डोळ्याने पाहिले त्यालाच हाताने स्पर्श केला, हे ज्याला कळते तो डोळाही नव्हे आणि त्वचाही नव्हे. दोन्हींच्या साक्षी एकत्र आणणारा कोणी तिसरा असला पाहिजे, असे नैयायिक म्हणतात. रबरी हाताच्या प्रयोगाने या युक्तिवादाला बळ मिळते, तसाच त्याला पेचही पडतो. बळ असे, की दृष्टी आणि स्पर्श यांचा मेळ घालणारे काहीतरी आहे, आणि 'माझे' ही जाणीव त्या मेळातून येते, हे दिसले. पेच असा, की मेळ घालणारा फसवला जाऊ शकतो. बौद्ध येथे म्हणतील, की मेळ आहे पण मेळ घालणारा वेगळा नाही. 'माझे' हे क्षणोक्षणी बांधले जाते, म्हणूनच ते बाहुल्याच्या हाताशीही बांधता येते. प्रयोगावरून या वादाचा निकाल लागत नाही. मात्र 'माझा देह' ही जाणीव आपोआप मिळालेली नसून सतत उभी केली जाते, एवढे दोन्ही पक्षांना मान्य करावे लागते.

अद्वैत वेदान्ताचा मुद्दा वेगळा. शंकराचार्यांच्या मते देहावर 'मी' चा आरोप हा अध्यास आहे. मी लंगडा, मी लुळा असे माणूस म्हणतो तेव्हा तो देहाचे धर्म आत्म्यावर लादतो. मग हात नाकारणारा रुग्ण ज्ञानाच्या अधिक जवळ गेला असे म्हणायचे काय? तसे म्हणता येत नाही. विवेकाने देहापासून वेगळा झालेला पुरुष सगळ्या देहाकडे एकाच दृष्टीने पाहतो आणि देहाचा व्यवहार नीट चालू ठेवतो. रुग्णाने अर्ध्या देहाला परके केलेले असते आणि उरलेल्या अर्ध्याला तो अधिकच घट्ट धरून असतो. एकाचे वेगळेपण जाणिवेतून आले आहे, दुसऱ्याचे जाणीव तुटल्यामुळे. म्हणून देहाबद्दलच्या वैराग्याचा उपदेश उपचाराच्या आड येत नाही. टाकण्यासाठीही वस्तू आधी आपली असावी लागते.

हे ममत्व शरीराच्या वाटेनेच परत येते. इटलीतील बिझियाक आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये नोंदवले, की डाव्या कानात थंड पाणी सोडल्यावर हात नाकारणाऱ्या रुग्णाने तो काही काळ आपला म्हणून स्वीकारला. परिणाम ओसरताच नकार परतला. आपल्याच चांगल्या हाताने लुळ्या हाताला स्पर्श करण्यानेही काही रुग्णांत ममत्वाची जाणीव वाढलेली दिसली आहे. स्वतःला स्पर्श करताना स्पर्श करणारा आणि करवून घेणारा एकच असतो. एडमंड हुसर्ल आणि त्यांच्यानंतर मॉरिस मर्लो-पाँटी यांनी देहाच्या स्वरूपाची चर्चा याच अनुभवापासून सुरू केली. दगडाला दगड लागतो, पण लागल्याचे दोघांनाही कळत नाही. एका हाताने दुसरा धरला तर दोन्ही बाजूंनी कळते. कंपनांचा हातमोजा हे दुहेरी कळणे देऊ शकत नाही. हरवलेल्या बाजूकडून निरोप येत राहील, एवढी व्यवस्था तो करतो.

हात कोणी उचलला

तिसरा प्रश्न कर्तृत्वाचा, आणि यंत्रांच्या संदर्भात तोच सर्वांत जड आहे. मी हात उचलला या घटनेतून हात वर गेला एवढा भाग वजा केला तर मागे काय उरते, असा प्रश्न लुडविग विट्गेनश्टाइन यांनी विचारला होता. पुनर्वसनाच्या यंत्राने ही वजाबाकी प्रत्यक्षात करून दाखवली आहे. यंत्र रुग्णाचा हात उचलते तेव्हा हात वर जातो, पण रुग्णाने तो उचललेला नसतो.

न्यायदर्शनाकडे या वजाबाकीच्या बाकीसाठी नाव आहे: प्रयत्न. ज्ञानापासून इच्छा, इच्छेपासून प्रयत्न आणि प्रयत्नापासून शरीराची चेष्टा, असा क्रम नैयायिक लावतात. प्रयत्न हा आत्म्याचा गुण, हालचाल हा शरीराचा धर्म. श्वासोच्छ्वासासारख्या नकळत चालणाऱ्या क्रियांसाठीही त्यांनी जीवनयोनी हा प्रयत्नाचा वेगळा प्रकार मानला. सांख्यांची मांडणी निराळी आहे. त्यांच्या मते पुरुष अकर्ता आहे आणि सारी क्रिया प्रकृतीची. त्वचा ज्ञानेंद्रियांत, हात कर्मेंद्रियांत. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. केवळ आपल्यालाच कर्ता समजणारा नीट पाहत नाही, असाही तिथे अभिप्राय आहे.

पाच कारणांची ही मांडणी यंत्राच्या बाबतीत उपयोगी पडते. यंत्र कर्ता की रुग्ण कर्ता, असा एकच पर्याय निवडण्याची सक्ती तिच्यात नाही. शरीर हे अधिष्ठान आहे, यंत्र करणांमध्ये भर घालते, आणि इजा नेमकी कुठे व किती झाली हे दैवाच्या खात्यात जाते. प्रश्न उरतो तो कर्त्याची जागा भरलेली आहे की रिकामी, एवढाच. घराघरांत पक्षाघाताला पूर्वकर्माचा भोग म्हटले जाते. या हिशेबाने पाहिले तर त्यातली चूक दैव मानण्यात नाही. पाचांपैकी एकालाच संपूर्ण कारण समजण्यात ती आहे. योगवासिष्ठातील मुमुक्षू प्रकरणाने दैवापेक्षा पौरुषावर दिलेला भर याच चुकीवरचा उतारा आहे.

कर्त्याची जागा रिकामी राहिली तर काय होते, हे रोबोंवर काम करणाऱ्यांनी लवकरच पाहिले. यंत्र पूर्ण मदत करू लागले की रुग्णाचे स्नायू आपला वाटा कमी करतात. माणूस मुद्दाम कामचुकारपणा करतो असे नाही. जे काम दुसरे कोणी करते आहे त्यावर श्रम खर्च करायचे नाहीत, हा शरीराचा स्वभाव आहे. म्हणून नंतरच्या यंत्रांत जेवढी गरज तेवढीच मदत हे तत्त्व आले. रुग्णाने आधी जोर लावायचा, कमी पडेल तिथे यंत्राने हात द्यायचा, आणि सुधारणा होईल तसतशी मदत आपणहून घटवायची.

याच मुद्द्यावरचा नेमका प्रयोग २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी प्रसिद्ध केला. पक्षाघात होऊन बराच काळ लोटलेल्या २७ रुग्णांच्या हाताला विजेच्या सौम्य झटक्यांनी चालना दिली गेली. एका गटात रुग्णाने हात हलवण्याचा प्रयत्न केल्याचे मेंदूच्या लहरींवरून ओळखले जाताच चालना मिळे. दुसऱ्या गटाला तशीच चालना मिळे, पण तिचा प्रयत्नाशी संबंध नसे. दोन्ही गटांत हात हलत होता. पहिल्या गटात टिकाऊ सुधारणा दिसली, दुसऱ्यात तशी दिसली नाही. त्वचेवर, स्नायूवर काय घडले यापेक्षा ते कशाच्या पाठोपाठ घडले हे निर्णायक ठरले. नैयायिकांनी प्रयत्न आणि चेष्टा यांत ओढलेली रेघ येथे मोजता येण्याजोगी झाली. यावरून आत्म्याचे अस्तित्व सिद्ध होत नाही. पण प्रयत्न ही हालचालीहून वेगळी आणि कार्यकारी गोष्ट आहे, हे दिसते.

कंपनांचा हातमोजा या निष्कर्षाला अपवाद वाटू शकतो, कारण तो घालणाऱ्याने काहीच प्रयत्न करायचा नसतो. १६ रुग्णांवरच्या त्या छोट्या चाचणीत त्याने बोटांची संवेदना सुधारली आणि स्नायूंचा ताठरपणा कमी केला. पण सुधारणा कोणत्या बाजूची आहे हे पाहिले की विरोध राहत नाही. कंपने ज्ञानेंद्रियाच्या बाजूला काम करतात. ज्ञानानंतर इच्छा आणि इच्छेनंतर प्रयत्न हा क्रम लक्षात घेतला, तर हातमोजा पुढच्या कामाची जमीन तयार करतो. पेरणी त्याच्याने होत नाही.

चाचण्यांचा कौल

मोठ्या चाचण्यांचे निकाल या विवेचनाला शिस्त लावतात. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १२७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोबोचे उपचार नेहमीच्या उपचारांपेक्षा १२ आठवड्यांनंतर ठळकपणे सरस ठरले नाहीत. ३६ आठवड्यांनंतर थोडा फायदा दिसला. पण थेरपिस्टने तेवढ्याच तीव्रतेने करवून घेतलेल्या व्यायामापेक्षा रोबो वरचढ नव्हता. ब्रिटनमधील ७७० रुग्णांच्या चाचणीनेही २०१९ मध्ये रोबोच्या मदतीने हाताचे कार्य नेहमीच्या उपचारांहून अधिक सुधारत नाही, असाच निष्कर्ष काढला.

मग यंत्राऐवजी मायेच्या माणसांचा हात पुरेसा आहे काय? भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी याचे उत्तर देते. घरच्या माणसांना प्रशिक्षण देऊन घरीच पुनर्वसन करवून घेतले, तरी सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्व यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या गटाइतकेच राहिले. यंत्राचा स्पर्श निर्जीव म्हणून अपुरा आणि आप्तांचा स्पर्श प्रेमाचा म्हणून पुरेसा, अशी सोपी विभागणी त्यामुळे टिकत नाही.

यश मिळालेल्या पद्धतीकडे पाहिले की दुवा सापडतो. एडवर्ड टॉब यांच्या पद्धतीत चांगला हात बांधून ठेवतात आणि लुळ्या हाताकडून रोज कित्येक तास काम करवून घेतात. अमेरिकेतील २२२ रुग्णांच्या चाचणीत २००६ मध्ये तिचा फायदा स्पष्ट दिसला. या पद्धतीत यंत्र नाही. कर्त्याची जागा रिकामी ठेवायला वाव नाही, हीच तिची ताकद. मात्र तिच्यामागे एक नैतिक ऋण आहे. लुळेपणातला काही भाग हा न वापरण्याची सवय असतो, ही मूळ कल्पना टॉब यांनी माकडांच्या हाताच्या संवेदना-नसा कापून केलेल्या प्रयोगांतून पुढे आली. मेरीलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथील त्यांच्या प्रयोगशाळेवर १९८१ मध्ये पोलिसांचा छापा पडला आणि प्राण्यांच्या हालांवरून खटला झाला. शिक्षा पुढे रद्द झाली, पण प्राणिहक्कांच्या चळवळीला त्यातून मोठी चालना मिळाली. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या परंपरेला या उपचाराचे फळ घेताना त्याची किंमत विसरता येणार नाही. मिळालेले ज्ञान टाकून दिल्याने ते हाल पुसले जात नाहीत. पण नव्या ज्ञानासाठी तीच वाट धरायची नाही, एवढे बंधन त्यातून निश्चित येते.

माणसाचा हात

स्पर्शाची आणखी एक बाजू ज्ञान आणि कर्म या दोहोंत मावत नाही. त्वचेत ओळखण्याच्या स्पर्शाखेरीज आपुलकीच्या स्पर्शासाठी वेगळे, बारीक आणि संथ तंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या वेगाने अंगावरून फिरलेल्या हाताला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात. स्वीडनमधील होकान ओलाउसोन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये, जाड तंतू नष्ट झालेल्या एका रुग्णाच्या अभ्यासातून दाखवले, की वस्तू ओळखणारा स्पर्श गेला तरी हळुवार स्पर्शाचे अस्पष्ट सुख शिल्लक राहते आणि ते मेंदूच्या वेगळ्या भागात नोंदले जाते. हे तंतू यंत्राने फिरवलेल्या मऊ कुंचल्यालाही प्रतिसाद देतात. तेव्हा सुखद संवेदना निर्माण करणे यंत्राला अशक्य नाही. अशक्य आहे ते स्पर्श करायचा की नाही याचा निर्णय घेणे.

या निर्णयाचे वजन भारतीय समाजाला वेगळे सांगावे लागत नाही. ज्या समाजाने शतकानुशतके काही माणसांना अस्पृश्य ठरवले, त्याला स्पर्श ही केवळ त्वचेची घटना नसते हे अनुभवाने ठाऊक आहे. गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्कै यांच्या २०१२ मधील ग्रंथात या अनुभवाचे तत्त्वज्ञान मांडले आहे. सरुक्कै यांचा एक महत्त्वाचा मुद्दा असा, की अस्पृश्यतेचा विचार करताना स्पर्श नाकारणाऱ्याकडेही पाहिले पाहिजे, कारण नकाराने त्याची स्वतःची स्पर्शाची शक्तीही खुंटते. हा मुद्दा आजारपणालाही लागू होतो. लुळ्या हाताला घरातले लोक केवळ पुसण्या-धुण्यापुरते हात लावू लागले, तर तो हात आधी रुग्णाच्या आणि मग घराच्याही व्यवहारातून वजा होतो. यंत्राला किळस नसते, कंटाळा नसतो, जात नसते. हा त्याचा गुण आहे, आणि तो लहान नाही. पण ज्याला नाकारता येत नाही त्याच्या स्वीकारालाही अर्थ येत नाही. थेरपिस्टच्या किंवा नातलगाच्या हाताला जो अर्थ येतो तो याच मोकळिकीतून.

या सगळ्यातून तीन गोष्टी ठरतात. यंत्र त्वचेला जे देते ते स्पर्शाची सामग्री आहे. मनाने लक्ष दिल्याशिवाय त्याचे ज्ञान होत नाही. यंत्राने हलवलेला हात हे रुग्णाचे कर्म नव्हे. रुग्णाच्या प्रयत्नाच्या पाठोपाठ आलेली यंत्राची मदत मात्र त्याच्या कर्मात सामील होते. आणि मायेचा स्पर्श रुग्णाला माणसांत ठेवतो, पण त्याच्या वाटचे कष्ट करत नाही. म्हणून एखादे साधन निवडताना डॉक्टरांनी आणि घरच्यांनी किमतीच्या आधी एक गोष्ट तपासावी: ते साधन रुग्णाच्या प्रयत्नाची वाट पाहते की त्याच्या आधीच काम उरकून टाकते. वाट पाहणारे साधन साधे असले तरी घ्यावे. काम उरकणारे कितीही महागडे असले तरी त्याने हात हलेल, रुग्ण हात हलवायला शिकणार नाही.